मोजलेला की अंदाजाचा

१८ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तू माझे मेल उघडत नाहीस, फोन घेत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. पत्र आई घेऊन येईल. "मी वाचणार आहे हं, चोरून नाही, सांगून!" असं तिनं आधीच बजावलंय. तेव्हा तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही तिच्यासाठी फोड करून लिहितो. वैतागू नकोस.

आईचा गुडघा आता बराय. जिना चढून जाते आणि वर पोचल्यावर मलाच विचारते, दम लागला का रे? ऑफिसात तुझ्या टेबलावर प्रिंटर ठेवलाय. दिवसातून चारदा कागद अडकतो. त्या जागेवर कुणाचंच धड चालत नाही, असं सगळे म्हणतात.

बरं, कामाचं बोलतो.

आईसाठी: ताईनं दोन वर्षं खपून कर्नलचा (फौजेतला नव्हे, कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारा गाभ्यातला प्रोग्रॅम) एक भाग नव्यानं लिहिला होता. कुठल्या प्रोग्रॅमला कधी पाळी द्यायची, ते तो ठरवायचा. प्रोसेसरला मेमरीपर्यंत किती हेलपाटे पडतात, हे मोजायला प्रोसेसरमध्येच काउंटर असतात. आमच्याकडे चारच. ते आकडे कर्नलकडून मागायचा इंटरफेस मी बनवला. त्यात ताईच्या कोडचे हेलपाटे अकरा लाख दिसले, म्हणजे फारच संथ, म्हणून तिचं काम नापास झालं, अकरा महिन्यांपूर्वी ती राजीनामा देऊन निघून गेली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

ताई, गेल्या आठवड्यात मी तुझा कोड पुन्हा चालवला. या वेळी एकच गोष्ट मोजली. हेलपाटे अकरा लाख नव्हतेच, तीन लाख होते. जुन्या कोडपेक्षाही कमी!

घोळ असा झाला. त्या चाचणीत आम्ही सोळा गोष्टी मोजायला लावल्या होत्या. काउंटर चार, म्हणून कर्नल पाळ्या लावायचा. प्रत्येक गोष्ट पाव वेळच मोजली जायची आणि उत्तर चौपट करून मिळायचं. आई, तासातली पंधरा मिनिटं खिडकीत उभं राहून गाड्या मोजायच्या आणि चौपट करून सांगायच्या. नेमकी त्याच वेळी शाळा सुटली असेल तर झालं कल्याण! तुझं काम झटक्याझटक्यानं येतं ताई, आणि जवळजवळ प्रत्येक झटका हेलपाटे मोजायच्या पाळीतच सापडला.

आमच्या चीफना दाखवलं, दुरुस्तीच्या कोडसकट (त्याला पॅच म्हणतात, आई). ते म्हणाले, "इंटरफेसची मर्यादा होती. नव्या पॅचवर 'सुधारणा' लिही आणि मोकळा हो. जुनं कशाला उकरतोस?"

मी नाही म्हणालो. दोष एकट्या इंटरफेसचा नव्हता. पहिल्या मसुद्यात मी तीन आकडे ठेवले होते: मोजणी किती, मोजणी चालू ठेवायला सांगितलं तो वेळ किती, आणि काउंटर खरोखर किती वेळ चालला. शेवटच्या दोनांत फरक असला की आकडा अंदाजाचा, हे लगेच कळतं. नेमके तेच दोन मी काढले. एकच आकडा कसा सुटसुटीत दिसतो, म्हणून. माझं कौतुकही झालं त्याबद्दल.

आणि ती मीटिंग. अकरा लाख पडद्यावर होते. तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "हा मोजलेला आहे की अंदाजाचा?"

मी म्हणालो, "मोजलेला."

मला माहीत होतं, ताई. अंदाजाचा म्हटलं असतं तर माझाच इंटरफेस सगळ्यांनी सोलून काढला असता. माझी फजिती वाचवायला मी तुझी दोन वर्षं बुडवली. आई, हे तुलाही सांगितलं नव्हतं. लाज वाटते मला.

जुना कॉल (आई, फोन नव्हे, कर्नलकडून आकडे मागायची ठरलेली हाक) आता बदलता येत नाही. कितीतरी प्रोग्रॅम त्यावर चालतात, आणि एकदा दिलेला कॉल मोडायचा नाही, हा आमच्या हेडमास्तरांचा कायदा. (आई, कर्नलमध्ये काय जाईल ते ठरवणारे आमचे म्हातारबुवा.) म्हणून शेजारी नवा कॉल दिलाय. तो तिन्ही आकडे देतो, आणि गुणाकार कर्नल अजिबात करत नाही. ज्याला अंदाज हवाय त्यानं स्वतःच्या हातानं करावा आणि त्याला अंदाजच म्हणावं. हेडमास्तर खेकसले, "एवढे आकडे वाचणार कोण?" मी म्हटलं, "ज्याचं काम तुम्ही टाकून देणार आहात, तो वाचेल." मग ते म्हणाले, "पाठव."

सोमवारी पॅच सगळ्यांना जाईल. दोष कुणी दाखवला, त्या ओळीत तुझं नाव आहे आणि त्या मीटिंगची तारीख. खाली तू विचारलेला प्रश्न, माझं उत्तर आणि ते खोटं होतं हे लिहिलंय. चीफ रागावलेत. रागावू देत. ती ओळ मी काढणार नाही.

परत ये असं म्हणायचा हक्क मला नाही. पॅच छापून सोबत जोडलाय, तुझ्या कोडचे नवे आकडेही. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तुझ्या मशीनवर चालवून बघ. आणि चुका काढ. पूर्वी काढायचीस तशा, लाल पेनानं, समासात शिव्या घालून. त्याही मी उतरवून घेईन.

त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत बघून "मोजलेला" म्हणणारा,
तुझा धाकटा