मातीत पुरलेली पांढरी चड्डी

प्रिय लोवेल,

फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. सावकाश वाच, आणि एकटा असताना वाच.

मृद-जलसंधारणाच्या ऑफिसात मला वर्ष झालं. शिशिरात ऑफिसातल्या डेलबर्टबरोबर गाडीतून हिंडून कुणाच्या रानात किती धसकटं राहिलीत ते टिपलं; नांगर लावला नाही की ती टिकतात आणि माती धुपत नाही. एप्रिलमध्ये रोपं वाटली. एकाने विचारलं, "मेली तर परत घ्याल का?" डेलबर्ट म्हणाला, "आधी लावा तर खरं, मारायची कसली घाई!" या नोकरीने मला पक्की संशयी केलंय. कुणी शपथेवर "नांगर लावलाच नाही" म्हणाला, की मी आधी त्याच्या ट्रॅक्टरची चाकं बघते. आईवर गेलेय, असं तू म्हणशील.

आणि मग जून. ऑफिसातून प्रत्येक शेतकऱ्याला एकेक नवीकोरी सुती चड्डी दिली. आपल्या रानात पुरायची, वर झेंडी रोवायची आणि ऑगस्टच्या जत्रेत उकरून दाखवायची. माती जिवंत असेल तर किडे कापड फस्त करतात, नुसतं इलॅस्टिक उरतं. एरवी ही सगळी गंमतच. पण यंदा मिसेस काउफमन काउंटरवर काठी आपटून म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून माझ्या ऐंशी एकरांसाठी सगळे गोड बोलतायत. बोलणं पुरे. ज्याची चड्डी जास्त सडेल, त्याने माझं रान कसावं." ते रान हवं असलेले तू आणि केंट बुशाँग दोघंही हसलात, पण हसताना एकमेकांकडे बघत होतात. ते रान मिळालं तर तुझी कारखान्यातली रात्रपाळी सुटणार, हे मला ठाऊक होतं. तुला ते मिळावं असं माझ्याइतकं कुणालाही वाटत नव्हतं.

जत्रेत केंटची चड्डी अर्धीअधिक शाबूत निघाली. तुझं नुसतं इलॅस्टिक! लोक ओरडले, "लोवेल, आता आत काय घालणार रे?" मीही टाळ्या वाजवल्या, पण मनापासून नाही. तुझी झेंडी मी जूनमध्येच रस्त्यावरून पाहिली होती. एवढं मोठं रान सोडून ती तुतीजवळच्या कोपऱ्यात. तिथे पप्पांची डुकरं असायची. बादली घेऊन जाताना तू त्या राडीत आडवा पडलास आणि आईने तुला अंगणात पाइपाने धुतलं, ते आठवतं? कुंपण कधीच काढलं. तिथे वर्षानुवर्षं डुकरांची घाण मुरलीय, हे आता फक्त तुला आणि मला माहीत आहे. जागा तुझ्याच रानातली, म्हणजे खोटं तू बोललाच नाहीस. याचाच मला जास्त राग आला. तरी मनाला समजावत होते, की असेल योगायोग. पण जुलैत तू जेवताना सहज विचारलंस, "काय गं, डेलबर्ट रानात दुसरीकडेही खणून बघतो का?" मग योगायोग कसला!

काल मिसेस काउफमन आल्या. म्हणाल्या, "त्याची बहीण म्हणून नाही विचारत हो, या ऑफिसातली म्हणून विचारते. शुक्रवारी लोवेलच्या कराराच्या कागदावर सही करू ना?" प्रिंटर अडकलाय असं सांगून मी आत पळाले. शुक्रवारी मला पळता येणार नाही.

झेंडी पाहिली त्याच्या पुढच्याच रविवारी तू चर्चला गेलास, तेव्हा मी तुझ्या रानात मधोमध आणखी एक चड्डी पुरली होती. काल संध्याकाळी उकरली. पत्रासोबतच्या पुडीत आहे. धुतलीस तर घालता येईल, इतकी धड आहे. डेलबर्टला दाखवलेली नाही. गुरुवारपर्यंत ती तू स्वतः मिसेस काउफमनकडे घेऊन जा. नाही गेलास, तर त्या विचारतील आणि मी सांगेन. त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस, याची मला फार भीती वाटते. तरीही सांगेन.

तू रागावलास तरी तुझीच,
आर्डिथ