उरलेल्या जागेतला आवाज

६ ऑक्टोबर
नॉर्वेच्या उत्तर टोकाला, वार्ड्यो बेटावर पोचले. वारा असा, की गाडीचं दार दोन्ही हातांनी ओढावं लागलं. पण मन खूश आहे. संशोधन केंद्राची प्रमुख सुन्निवा स्वतः घ्यायला आली होती. काम माझ्या आवडीचं: समुद्राच्या तळाशी टिपलेल्या आवाजांच्या जुन्या चुंबकीय फिती संगणकात उतरवायच्या, त्यासाठीचा प्रोग्राम मी लिहायचा. फिती सांभाळतो हाल्वोर. साठीचा, बोलका. वॅफल खाऊ घालता घालता म्हणाला, शहरातल्या पोरी इथे पहिल्या वादळापर्यंत टिकतात.

९ ऑक्टोबर
प्रोग्राम चालू झाला. संगणकाच्या स्मृतीत मोकळी जागा राखायची, तो बफर. मग फितीला सांगायचं, हा भर. फिती जुन्या, मागितलं तेवढं दरवेळी देत नाहीत. मग उरलेल्या जागेत जुनाच गाळ राहतो. तसा आज दिसला. चूक माझीच. आता प्रत्येक वाचनाआधी बफर पुसून कोरा करते.

१३ ऑक्टोबर
पुसूनही उरलेली जागा कोरी नाही. त्यातले आकडे आवाज म्हणून वाजवले. त्यात हाल्वोरचा आवाज: "कॉफी संपली बाई, आता बंदरातलं पाणी उकळतो." वाटलं, त्यानंच थट्टेनं कुठेतरी घुसवलंय.

१४ ऑक्टोबर
दुपारी हाल्वोर रिकामा डबा हलवत आला आणि तेच बोलला. तोच सूर, 'बाई'नंतर तोच खोकला. काल हे कुठे बोलला होतास का, म्हणून विचारलं. नाही म्हणाला, काल तर डबा अर्धा भरलेला होता. मी हसले.

२० ऑक्टोबर
फीत कमी देते आहे, उरलेली जागा वाढते आहे. आज त्यात होडीचं इंजिन. मग ते बंद पडतं. पाणी आत येतं. मग हाल्वोर, बायकोशी बोलल्यासारखा, अगदी हळू: "गुन्वोर, हातमोजे ओट्यावरच राहिले गं." पुढे नुसतं पाणी.

२१ ऑक्टोबर
धक्क्यावर गेले. हाल्वोर स्वतःच्या होडीतून मासेमारीला निघाला होता. त्याला सगळं सांगितलं. कॉड मासे तुझ्या फितीसाठी थांबायचे नाहीत, म्हणाला. मी होडीचा दोर धरून ठेवला. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, रागावला नाही. "अगं, जेवायला ये संध्याकाळी. ताजा मासा खाल्लास की डोकं ठिकाणावर येईल."
त्याच्या हातांकडे पाहिलं. मोजे नव्हते. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा होडी दूर—

२४ ऑक्टोबर
होडी सापडली. तो नाही.

३० ऑक्टोबर
चर्चमधल्या हाल्वोरसाठीच्या प्रार्थनेनंतर गुन्वोरकडे. कॉफी, केक. ती म्हणाली, शेवटी त्याच्या मनात काय आलं असेल, एवढंच कळायला हवं होतं. मला माहीत होतं. केक संपवला. चव कशालाच नव्हती. रडूही आलं नाही. बशी धुऊन ठेवली.

३ नोव्हेंबर
सुन्निवा म्हणाली, रजा घे. नको म्हटलं. घरी तरी काय करू.
फीत लावली. आज बफरमध्ये ही खोली. ही खुर्ची. कुणीतरी श्वास घेतंय — बहुतेक मीच.

४ नोव्हेंबर
गुन्वोरला सांगून टाकलं. मोज्यांचं. तिनं ऐकलं. दार लावून घेतलं.

५ नोव्हेंबर
फितीनं काहीच दिलं नाही. एक आकडासुद्धा नाही. बफर मात्र काठोकाठ.
ऐकते आहे. पेनाची खरखर. मी लिहिते तशीच — थांबले की थांबते. भीती वाटायला हवी. वाटत नाही.
आता आवाजात खरखर माझ्या पुढे गेली आहे. थोडीशीच. मग पेन खाली पडतं. खुर्ची मागे सरकते. आणि पाणी, इथे, जमिनीवर —
सुन्निवाला हाक मारायला हवी, पण आवाजात ती हाक कुठेच