आडवा स्क्रू

सर, आज रविवार आहे आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा बाल्कनीत जाऊन आले, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या, मोडून पुन्हा केल्या. इथे जर्मनीत रविवारी कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. एश्बॉर्नची ऑफिसं बंद आहेत, रस्ते रिकामे आहेत. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात नवी नोकरी धरली होती. बातमी कळल्यावर मी अमरावतीला आले नाही. रजा मिळत नाही, असं काकूंना कळवलं. खरं म्हणजे मी रजा मागितलीच नव्हती.

तुम्हाला लिहायचं कारण एक जुनं धनुष्य. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. गेल्या वर्षी ती इथल्या तिरंदाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, जायला लागली. मी कधीकाळी तिरंदाजी केली आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. फेराइनची अवजारं सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. कुणाच्या तरी केलरमधून, म्हणजे तळघरातून, त्यांच्याकडे शिकारीचं एक जुनं कंपाउंड धनुष्य आलं होतं. इथे धनुष्याने शिकार करायला बंदी, म्हणून ते कुणाला नको होतं. हिरव्या-करड्या ठिपक्यांचा रंग, दोन्ही टोकांना चाकं, मुठीजवळ लाकूड. मी ते हातात घेतलं आणि विचार न करता आधी धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन्ही पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवायला मागितला. म्हातारे माझ्याकडे बघतच राहिले. तडा गेला असेल तर कापूस अडकतो, हे तुम्हीच शिकवलेलं. कापूस कुठे अडकला नाही.

तुमच्याकडचं धनुष्य असंच होतं. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते अमेरिकेहून आणून दिलं होतं, आणि त्याची साइट, म्हणजे नेम धरायची पिन आणि पट्टी, मोडकी म्हणून तुम्ही तुमच्या वर्कशॉपमधल्या लेथवर पितळेची नवी घडवलीत. त्या एका धनुष्यावर आम्ही दोघी शिकलो, मी आणि ती, तुमची दुसरी विद्यार्थिनी, कारण आमचे हात नेमके एका लांबीचे निघाले. काकूंच्या स्वयंपाकघरात वाटीत मेण पातळ करून आम्ही दोरीला लावायचो आणि काकू ओरडायच्या, "अहो, ह्या वाटीत आता मी फोडणी कशी करू?" साइटच्या उभ्या पट्टीवर दोन खुणा होत्या, माझी निळी आणि तिची लाल. धनुष्य हातात आलं की आपापल्या खुणेवर साइट सरकवायची. डावं-उजवं मात्र दोघींचं एकच होतं. तिथे तुम्ही टाचणीने एक रेघ ओढली होती आणि बजावलं होतं, "ह्या आडव्या स्क्रूला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." आम्ही कधीच लावला नाही.

जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये तुम्हाला म्हणाली की बाण डावीकडे ओढल्यासारखा वाटतो. तुम्ही हातातलं काम थांबवलं नाही. "धनुष्याला दोष देणाऱ्याने घरी जावं," म्हणालात. दोन कामगार हसले. मीही हसले. ती लाल झाली आणि बाणांची पिसं पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आळीपाळीने नेम मारत होतो. जागा एकच होती आणि आम्हा दोघींत चार गुणांचा फरक, ती पुढे. माझे तीन बाण झाले. मी धनुष्य स्टँडवर ठेवते आहे, आणि पितळी साइट स्टँडच्या लोखंडी नळीवर आपटते. टक्. मी वाकून बघते. पिन रेघेपासून उजवीकडे सरकली आहे, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी, म्हणजे आता बाण डावीकडे जाणार. तुम्ही दहा पावलांवर उभे आहात. हाक मारली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ती पुढे आली, धनुष्य उचललं, लाल खुणेवर साइट सरकवली. मी बाजूला झाले आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

तिचे तिन्ही बाण डावीकडे गेले. "मनगट! मनगट वळवतेस!" तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात. त्यानंतर तुम्हीच स्क्रू रेघेवर आणलात, पण काही बोलला नाहीत. तुम्हाला तेव्हा कळलं होतं का, सर? हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. मी निवडले गेले. तुम्ही स्वतः शिवलेला चामड्याचा हातपट्टा मला दिलात, आणि ती पुढच्या सोमवारपासून मैदानावर आलीच नाही. राज्य स्पर्धेत मी शेवटून तिसरी आले. मग इंजिनिअरिंगला गेले आणि माझीही तिरंदाजी सुटली.

इथलं धनुष्य लावायला मला चार शनिवार लागले. म्हाताऱ्यांनी नवी दोरी आणि केबल घातली. मुलीला झेपावं म्हणून मी पात्यांचे बोल्ट सैल केले, वरचे दोन फेरे तर खालचेही दोनच. दोन्ही चाकं एकदम जागेवर येतात का ते खडूच्या खुणा करून पाहिलं. मग कागदातून बाण सोडला. शेपटाकडची फाट वर गेली, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा उंच होती. ती केसभर खाली घेतली. कागदाला नीट गोल भोक पडलं तेव्हा म्हातारे "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले आणि मला उगाच रडू आलं. मग दहा पावलांवरून सुरुवात करून साइट लावली. बाण जिकडे गेला, साइट तिकडे. तुमचंच वाक्य मी मुलीला मराठीत सांगितलं आणि तिने ते जर्मनमध्ये परत म्हणून दाखवलं.

काल ती वीस मीटरवरून मारत होती. पहिले बाण मधोमध. मग एक डावीकडे, दुसरा आणखी डावीकडे, तिसरा पार कडेला. माझ्या तोंडून निघालं, "मनगट! मनगट वळवतेस!" आवाज माझा होता, पण तो तुमचा होता. तिने धनुष्य खाली घेतलं आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "मामा, दास बिन निश्ट इश. दास इस्ट देअर बोगन." आई, मी नाही, धनुष्य आहे. इतकंच. ना घाबरली, ना चिडली. म्हातारे आले, "आल्झो, बघू या," म्हणाले. आडव्या स्क्रूचे आटे झिजले होते, प्रत्येक बाणागणिक तो थोडा थोडा सरकत होता. त्यांनी स्क्रू बदलला आणि तिला म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." ती पुन्हा रेघेवर उभी राहिली. मी गाडीत जाऊन बसले.

आज सकाळी तिला फोन केला, तुमच्या दुसऱ्या विद्यार्थिनीला. ती अकोल्यात गणित शिकवते. नंबर वर्षभर माझ्याकडे होता. चौकशा झाल्या, मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्टँड, टक्, पाण्याची बाटली.

"हाव, मले माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आवाज आला होता ना वं. अन् दुसऱ्याच बाणाले पिन रेघेवर नाही ते दिसलं मले."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाले बोलू? सरांले? आदल्याच दिवशी तर घरी जा म्हणाले होते."

तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बारीक करून आली. "मी तुले माफ-बिफ नाही करत," म्हणाली, "पण तू फोन केला ते बरं केलं. आता डिसेंबरात येशील तर ये घरी." आणि मग पोरीचं विचारत राहिली, ती किती पौंडांचं धनुष्य ओढते, कोणत्या हाताची आहे.

हे पत्र पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठे. तुमची माफी मागायला बसले होते. पण एक गोष्ट लपवत नाही. "सरांले?" असं तिने विचारलं ना, त्या क्षणी मला आधी लाज नाही वाटली. हायसं वाटलं, की चला, त्यात मी एकटीच नव्हते, तुम्हीही होतात. लाज मागाहून आली, आणि तीही अजून पुरती आलेली नाही.