माळावरच्या झुडपाचा खून

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
झुडूप मेलं. मेलं कसलं, मारलं. वरच्या मजल्यावरची शेजारीण बाल्कनी धुते, साबणाचं पाणी माझ्या कुंडीत गळतं. दुसरं कारण असूच शकत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ मी स्वतः मगभर पाणी घालत होते. दुपारी मलूल दिसलं तर आणखी अर्धा.

वरची माझी मैत्रीण. आम्ही दोघी रोज माळावर फिरायला जातो. तिथेच हे दिसलं: राखाडी पानं, बटणाएवढी पिवळी फुलं. पुस्तकात पाहिलं, डेझीच्या कुळातलं निघालं. कॉन्व्हेंटमध्ये डेझीवरच्या कविता घडाघडा म्हटल्या, डेझी कधी पाहिली नव्हती. मुळासकट आणलं. वरची म्हणाली होती, राहू दे गं, कोरड्यात सुखी आहे ते. तिला दृष्टीच नाही.

त्याच दिवशी, दुपारी
सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार दिली. भाषा संयमी. ‘निष्काळजी’ फक्त तीनदा.

६ फेब्रुवारी
वरची जिन्यात भेटली. म्हणाली, अगं, एक हाक मारायची, नोटीस कसली पाठवायला लावतेस? त्या काड्यांना जपलंस तेवढं नवऱ्याला जपलं असतंस तर बिचारा दिवसभर लायब्ररीत बसला नसता. मी गप्प राहिले. म्हणजे बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.
माळावर एकटी गेले. अर्ध्यातून परत. पायांमुळे.

७ फेब्रुवारी
संकल्प: मैत्रीपेक्षा तत्त्व मोठं. संध्याकाळभर टीव्ही.

९ फेब्रुवारी
सेक्रेटरी पाहणीला आले. कुंडी उचलली तर खालच्या थाळीतलं पाणी त्यांच्या पँटवर. मुळं काळी, चिखलात कुजलेली. म्हणाले, मॅडम, हे बुडून मेलंय. थाळी मीच ठेवली होती, फरशीला डाग पडू नयेत म्हणून. साबणाचाही थोडा हात असेल, असं मी सुचवलं. ते पँट झटकत म्हणाले, वरच्या काकूंनी नोटीस मिळाली त्याच दिवशी आपल्या सगळ्या कुंड्या वॉचमनला देऊन टाकल्या. कुणाला आपला त्रास नको म्हणाल्या.

१० फेब्रुवारी
तक्रार मागे घेतली. कारण लिहिलं: ‘नवीन माहिती’. सेक्रेटरी हसले असते तर बरं झालं असतं.
माळावर बाकीची झुडपं धुळीत मजेत फुललेली. कुणी त्यांची काळजी घेत नाही.
वरचीच्या दारापर्यंत जाऊन बेल न वाजवता परत आले. मग दाराखालून चिठ्ठी सरकवली: ‘झुडूप मी मारलं. जिन्यात बोलले ते खोटं होतं. उद्या फिरायला येणार की नाही, हे संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी नको. तुझ्याकडे बघण्याची हिंमत नाही.’