विहिरीतलं तांबं

६ जानेवारी २०२५
बाबांच्या कारखान्याला आज सील लागलं. भर गल्लीत, सगळ्यांसमोर! बाबा चपला घालायचे विसरले, अनवाणीच उभे होते. "चाळीस वर्सं झाली, कोनाचं काय वाईट केलं मी?" साहेब लोकांना पुन्हा पुन्हा तेच विचारत होते.
तक्रारीचा अर्ज माझा होता. निनावी.

७ जानेवारी
सगळं लिहून टाकते. पितळेची भांडी चमकावीत म्हणून बाबा ती तेजाबात, म्हणजे ॲसिडच्या पाण्यात, बुडवतात. पितळेतलं थोडं तांबं, थोडं जस्त त्या पाण्यात उतरतं. ते पाणी मागच्या नालीत जातं. नालीला लागून शेजारच्या कुंतामावशीची विहीर. मावशी एकटी राहते, विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरते. आई गेल्यावर मला तिनंच जेवू घातलं. दिवाळीपासून तिला उलट्या होत होत्या. ती घरी नसताना मी विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं – मी तिथंच कामाला आहे. तांबं मर्यादेच्या चौपट!
मावशीला एवढंच म्हटलं, "विहिरीचं नको, नळाचं पी." कारण सांगायची हिंमत झाली नाही. बाबांना मात्र तीनदा सांगितलं. "तांब्याच्या लोट्यातलं पानी लोक औषध म्हणून पेतात. तू मले शिकवून राहिली?"
मग प्रदूषण मंडळाकडे अर्ज केला.

१५ जानेवारी
बाबांचा संशय मावशीवर! आज भिंतीवरून ओरडले – "पोटावर पाय देला तुमी, वहिनी!" मावशी दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही, मान खाली घालून आत गेली.
मी चुलीशी होते. सगळं ऐकत होते. मीही बोलले नाही.

२३ जानेवारी
मावशी लेकीकडे गेली, बपेऱ्याला. ऑटोत बसताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापाले सांभाळ." बस्स.

२७ जानेवारी
आमच्या प्रयोगशाळेतल्या संजीव सरांच्या कपाटात चिलेटिंग रेझिनची जुनी बाटली निघाली. साबुदाण्याहून बारीक, पिवळसर मणी. सर म्हणाले, ने, कर प्रयोग. पाणी साफ झाल्याशिवाय सील निघणार नाही, म्हणून बाबाही ऐकायला बसले.
पाण्याचा आंबटपणा नेमका ठेवला तर हे मणी तांबं धरतात आणि जस्त सोडून देतात. बाबांनी विचारलं, "धरते म्हणजे कसं?"
"धानाच्या बांधीतला खेकडा बोट धरते ना, तसं."
"मंग सोडते कसं?"
"जास्त तेजाब ओतलं की."
बाबा हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

४ फेब्रुवारी
फसलं. अंगणातल्या पिंपात उरलेलं तेजाबाचं पाणी फार आंबट राहिलं. मण्यांनी काही धरलंच नाही, सगळं जसंच्या तसं खालच्या बादलीत. रडले.

९ फेब्रुवारी
जमलं! सोडा घालून आंबटपणा कमी केला, पाणी थेंबथेंब सोडलं. काचेच्या नळीतले मणी वरून खाली निळे होत गेले. बाबा स्टुलावर बसून बघत होते, चहा गार झाला तरी उठले नाहीत. खालच्या पाण्यात तांबं जवळजवळ नाहीच. उरलेलं जस्त चुन्यानं तळाशी बसवलं. मग मण्यांवरून तेजाब सोडलं तर गडद निळं पाणी आलं.
"हे तर मोरचूद होय!"
"तुमचंच तांबं आहे, बाबा."
दुपारी कारखान्यासाठी मोठी नळी करायला बाबांनी स्वतःच जाड पाइप कापून आणला. तळाला जुन्या धोतराचं फडकं दोन पदरी बांधलं, तोटी बसवली. माझ्यापेक्षा किती सफाई त्या हातांना! शेवटी पाइप पुसता पुसता म्हणाले, "इतकं सोपं होतं हे? मंग मी इतकी वर्सं..."

१३ फेब्रुवारी
साहेब आले, साफ केलेल्या पाण्याचे नमुने नेले. मावशीचं दार बंद. त्या दाराकडे बघवत नाही.

२४ फेब्रुवारी
अहवाल चांगला आला. पुढच्या सोमवारी सील निघणार. बाबा पेढे घेऊन आले. "आता येऊ दे वहिनीले, दाखवतो."
राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, अर्ज मी केला होता."
पेढ्यांचा पुडा तसाच हातात.
"मले काहून नाही सांगतलं?"
"सांगितलं होतं. तीनदा."
उठून गेले.

२८ फेब्रुवारी
बाबा बोलत नाहीत. जेवतात, झोपतात. मी काही विचारलं की मान हलवतात.

३ मार्च
सील निघालं. बाबांनी कारखाना उघडला नाही. किल्ली खिशात टाकली आणि आठवड्यानंतर माझ्याशी बोलले – "पहिले वहिनीकडं जाऊ. पाय धरतो मी तिचे. तू बी चाल."

४ मार्च
बपेऱ्याहून आलो. मावशी शनिवारीच वारली. कशानं, ते विचारायची ताकद नव्हती. तिची लेक मालन आम्हाला पाणी देत म्हणाली, "आईले मालूम होतं, कीर्ती, अर्ज तुयाच होता. तू विहिरीचं पानी नोको पेऊ म्हनली, तवाच समजली ते. म्हने, मी चूपच राहतो. त्या पोरीले बापाशिवाय कोनी नाही."