आधी दिवा की आधी गाडी

बुधवार, ९ नोव्हेंबर

प्रिय धाकल्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिते. आईचे गुडघे जरा बरे आहेत. तुझा फोन बंद; घरी आले तर तुझी बायको दारातूनच "झोपलेत" म्हणते. दिवसाढवळ्या इतकं तर तू पाळण्यातही झोपला नाहीस.

आईच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी वाचली. आधी हसू आलं, मग रडू. चौकशी समितीपुढे बाबांचा आगगाडीचा डबा उभा करायचा म्हणतोस! बाबा विज्ञानाचे मास्तर, जेवता जेवता टेबलावर ओल्या बोटाने डबा काढायचे. धावत्या डब्याच्या दोन्ही टोकांवर वीज पडली. फलाटावरचा म्हणतो, दोन्ही एकदम. डब्यात मधोमध बसलेला म्हणतो, पुढची आधी. खरं कोण? तू कायम डब्यात बसायचास, मी फलाटावर, आणि ताटातलं गार होईपर्यंत आपण भांडायचो. बाबा म्हणायचे, "दोघंही खरे." पुढे तू खरंच गाडी चालवायला लागलास आणि मी फलाटावर दिवा दाखवायला.

आता तू लिहितोस, "ताई, तुझ्या जागेवरून लाल दिवा आधी लागला, माझ्या जागेवरून गाडी आधी हलली. दोघंही खरे म्हण, विषय संपला."

अरे शहाण्या, त्या खेळातल्या डब्याला प्रकाशाच्या तोडीचा वेग लागतो. तुझी गाडी तर उभी होती.

आई माझ्याशी बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, "तुला भाऊ मोठा की नोकरी?" त्या दिवशी तुझ्या गाडीच्या दारात पाय अडकून फरफटत गेलेल्या बाईंना मी दवाखान्यात भेटून आले. पाय वाचला नाही. त्या म्हणाल्या, "चूक माझीच असेल हो, घाईत होते मी."

बाबा त्या खेळात शेवटी आणखी एक सांगायचे. तोवर तू हात धुवायला पळालेला असायचास. एका घटनेचा उजेड दुसरी घडायच्या आत तिथे पोचला असेल, तर त्या दोघींचा क्रम कुणालाच उलटा दिसत नाही. कितीही जोरात पळा.

मी हे का आडवळणाने सांगते आहे, तुला कळलं असेल. माझी जागा तुझ्या खिडकीसमोरच. मी दिवा लाल केला तेव्हा तू वळून पाहिलंस. तो लाल उजेड मी तुझ्या चष्म्यावर पाहिला. मग तू मान फिरवलीस, आणि त्यानंतर गाडी हलली. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

का निघालास, मला माहीत नाही. दमला होतास, उशिरावरून पुन्हा बोलणी खायची नव्हती, की हात नुसता सवयीने पुढे गेला? ते तूच सांगू शकतोस. परवा माझी साक्ष आहे. उद्या तू आपण होऊन गेलास, तर मला फक्त "हो" म्हणावं लागेल. नाही गेलास, तर सगळं मी सांगेन. तुझी नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, हे माहीत असून सांगेन. मला फार भीती वाटते आहे रे.

तुला वाचवणं हातात असून न वाचवणारी,
तुझी ताई