मासा सोडण्याचा कार्यक्रम

खलिफा सिटी, अबुधाबी
रविवार

राजमान्य राजश्री महादू यांस सूर्यकांताचा साष्टांग सोडून बाकी सगळा नमस्कार (कंबर वाकत नाही).

मी इकडे जिवंत आहे आणि तूही तिकडे असशील असं धरून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? कुंदावहिनींची शुगर? तुझा फोन काही कामाचा नाही. कधीही लावला तरी अनुराधा उचलते आणि बाबा झोपलेत म्हणते. (दुपारी झोपलेला, संध्याकाळी झोपलेला. मुलीने तुला फार लाडावून ठेवलंय.) म्हणून हे पत्र. आमच्या विघ्नेशच्या ऑफिसातला सिद्धांत सुट्टीवर कुडाळला निघालाय, त्याच्या हाती देतो.

तुला ठाऊकच आहे, बाथरूममध्ये पडल्यावर विघ्नेशने मला इथे आणलं ते गणपतीला परत सोडायच्या बोलीवर. गणपती झाले, दिवाळी झाली, तिकीट आपलं पुढेच जातंय. पासपोर्ट विघ्नेशच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली समिधाच्या पर्समध्ये. सून म्हणून तिला नाव ठेवायला जागा नाही, आणि त्यामुळे दिवस आणखीच लांब वाटतो. नातू अर्श मला रोज हाय म्हणतो. मी मराठीत चार वाक्यं बोलतो, तो इंग्रजीत एक शब्द देतो आणि कानात बोळे घालतो. शेवटी मी मागच्या आठवड्यात विघ्नेशला स्पष्ट विचारलं, मला परत कधी पाठवणार? तो म्हणाला, "आप्पा, तिथे एकटे राहणार का तुम्ही? आहे कोण तिथे?" मी म्हटलं, महादू आहे. त्यावर गडी एकदम उठून गॅलरीत गेला. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की शनिवारी मला मासे गरवायला नेणार, तेही गाईड घेऊन. (गरवायला गाईड. आपण दोघं खाडीवर गेलो तेव्हा आपल्याला फक्त भरती आणि तुझ्या शिव्या एवढंच मार्गदर्शन होतं.)

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी तिरफळं काढली, आमसुलं काढली, जाडं मीठ पुडीत बांधलं आणि एक बरी पिशवी धुऊन वाळवली. एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण इथे बागेत संध्याकाळी आपली चार-सहा मराठी म्हातारी माणसं बसतात. सगळी मुलांकडे ठेवलेली, सगळ्यांचे पासपोर्ट कुठल्या ना कुठल्या कपाटात. त्यांना मी शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं, ताजं मासळीचं जेवण म्हणून. समुद्रावर जायचं आणि रिकाम्या हाताने यायचं हे आपल्या डोक्यात येतच नाही. समिधाने भात किती लावू एवढंच विचारलं.

गाईडचं नाव रिझवान, कराचीचा, आवाज मोठा आणि दात पांढरे. बोट अशी चकचकीत की मी चपला हातात घेतल्या. आमिष बघून मात्र माझा धीर सुटला. कोळंबी नाही, बांगड्याचा तुकडा नाही. पिसं आणि चमकीचा धागा गरीला गुंडाळलेला. याला म्हणे माशी म्हणायचं. ती दोरीसकट हवेत पुढेमागे फिरवून हलक्या हाताने पाण्यावर ठेवायची, म्हणजे मासा फसतो. मी म्हटलं, आमच्या खाडीतला मासा याला हसेल. रिझवान म्हणाला, "चाचा, कलाई ढीली, यल्ला, फेंको." (यल्ला म्हणजे इथलं चला.) मी फेकली. ती माशी मागे गेली, विघ्नेशच्या कानाच्या पाळीत रुतली, आणि मासा लागला समजून मी जोरात ओढली. रिझवानने पक्कड घेऊन गरी काढली. विघ्नेश ओरडला नाही. डोळ्यांत पाणी होतं, आणि वर मलाच सॉरी म्हणाला. "सॉरी, आप्पा, सगळ्याबद्दल." कान माझ्या हातून फाटला आणि सॉरी तो म्हणतोय. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मग बराच वेळ काही नाही. सगळ्यांनी आशा सोडल्यावर माशी कुणीतरी हिसकली. महादू, तसा हिसका मला आयुष्यात लागलेला नाही. क्वीनफिश म्हणतात तिला. लांबलचक, चांदीसारखी, दर थोड्या वेळाने पाण्याबाहेर उडी घेणारी. विघ्नेशने मागून माझी कंबर धरली आणि रिझवान हबीबी हबीबी करत नाचत होता. बोटीत घेतली तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की तू बघायला हवा होतास. फोटो काढला. मी पिशवी उघडली. रिझवान म्हणाला, "नहीं चाचा, छोड़ना है." त्यांचा नियमच तसा. पैसे भरून जायचं, मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. मी त्याला आमसुलं दाखवली. जेवायला माणसं येणार आहेत हे हिंदीत तीनदा सांगितलं. मासा छातीशी धरून मी बोटीच्या टोकाला जाऊन बसलो. (माझं वय लक्षात घेता हे शोभलं नाही.) या बाचाबाचीत फार वेळ गेला.

शेवटी रिझवानने ती घेतली, शेपटीला धरून पाण्यात पुढेमागे करू लागला. श्वास परत येतो म्हणे. आला नाही. सोडली की आडवी व्हायची, पांढरं पोट वर. रिझवान म्हणत राहिला, इन्शाल्ला जाएगी, जाएगी. मी म्हटलं, मेलीच आहे तर दे आता. तर तेही नाही, नियम म्हणजे नियम. ती तशीच वाहत लांब गेली आणि तिच्यावर पक्षी उतरले. ना समुद्राला राहिली ना तिरफळाच्या कढीला. मला फार वाईट वाटलं. भांडलो नसतो तर जगली असती. विघ्नेशकडे पाहिलं तर तो तिकडे तोंड करून रडत होता. एका माशासाठी एवढा मोठा मुलगा.

घरी सगळी मंडळी हातपाय धुऊन बसली होती. समिधाने पनीर केलं. सर्वांनी फोटो बघत जेवून घेतलं.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
सूर्यकांत

ता. क. आता मुद्द्याचं. मला घरी यायचंय, महादू. इथे मी कुणाच्या उपयोगाचा नाही. तेव्हा तू आजारी पड. अनुराधाकडून विघ्नेशला फोन करव, की बाबा सीरियस आहेत, आप्पांना बघायचं म्हणतात. चांगला दणदणीत आजार घे, पण मरू नकोस. मेलास तर ही मंडळी म्हणतील, आता जाऊन काय उपयोग, व्हिडिओवर दर्शन घ्या. मी पोचलो की बरा हो.

ता. क. दुसरा. पत्ता घालायला पत्र विघ्नेशकडे दिलं, पाकीट उघडं होतं. त्याने वाचलं, आणि दारातल्या चपलांच्या कपाटावर बसून मला सगळं सांगितलं. तू पडून महिना होत आला म्हणे. न्यूमोनिया, गोव्याचं इस्पितळ, नळ्या. माझ्या हृदयाला झेपणार नाही म्हणून अनुराधाने सगळ्यांना शपथ घातली आणि सगळ्यांनी ती पाळली. मला समुद्रावर नेलं तेही म्हणूनच. मी त्याच्यावर आणि समिधावर खूप ओरडलो. मग विघ्नेशने तिकीट काढलं. उद्या रात्री गोव्याला उतरतो.

सिद्धांतला वेळ लागेल, म्हणून या कागदांचे फोटो विघ्नेश आत्ताच पाठवतोय, अनुराधा तुझ्या कानाशी वाचून दाखवेल. अनुराधा, वरचं नाटकाचं गाळू नकोस, त्याला हसू येईल. महादू, बरं व्हायची घाई करू नकोस, एवढं मोठं मागणं माझ्याने मागवत नाही. मी येईपर्यंत तेवढा आजारी राहा.